पुढच्या बाकावरचा अंबाडा

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला थोरले दीर बगलेत गठ्ठा मारून घरात शिरले, तेव्हाच धाकटीने ओळखलं की आज काही धड व्हायचं नाही. गठ्ठा त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवला, तोही तिने नुकत्याच इस्त्री करून रचलेल्या चादरींवर. वर बजावलं, "शाई ओली आहे, कुणी हात लावू नका."

"मग चादरींवर का ठेवलंत, दादा?"

"अगं, प्रभूचं काम आहे हे."

चादरी पुन्हा धुवायचं काम मात्र प्रभूचं नव्हतं, ते धाकटीचं होतं.

थोरल्यांचा स्वतःचा छापखाना होता, शिवाय ते चर्चमधल्या मंडळीचे पंच. त्यामुळे सकाळी त्यांच्या मनात आलेला विचार संध्याकाळपर्यंत छापून व्हायचा आणि रविवारी लोकांच्या हातात पडायचा. मध्ये 'जरा थांबा हो' म्हणणारं कुणी नसायचं. या वेळचं पत्रक उद्याच्या महिलांच्या सभेसाठी होतं. 'स्त्रीचा खरा शृंगार', पाचशे प्रती. मुखपृष्ठावर सासूबाई होत्या, पाठमोऱ्या. खिडकीशी प्रार्थनेला बसलेल्या, डोक्याला नेहमीची पांढरी पट्टी, आणि मानेवर रुपेरी, भरघोस अंबाडा.

"बघ," थोरले म्हणाले. "एक्क्याऐंशी वर्षं! रंग नाही की कात्री नाही. देवाने दिलं तसं जपलं. आतलं मन निर्मळ असलं की बाहेर असं उमटतं."

धाकटीने बघितलं. अंबाड्याच्या उजव्या अंगाची एक पिन वर आली होती. ती तिनेच घाईत खोचली होती.

कारण तो अंबाडा सासूबाईंचा नव्हताच. अकरा वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुखण्यात त्यांचे केस गेले ते गेलेच. कानामागे आणि मानेवर चार बटा काय त्या उरल्या. आता गंमत बघा. लग्नाआधी धाकटी बायकांच्या पार्लरमध्ये केस कापायची, रंगवायची. हात असा बसलेला की बायका महिनाभर आधी नंबर लावायच्या. पण 'तो गर्वाचा बाजार आहे' म्हणून सासूबाईंनीच तिला ते काम सोडायला लावलं होतं. आणि दुखण्यातून उठल्यावर दार लावून रडताना त्यांनी हाक मारली ती तिलाच. धाकटीला ते रडणं बघवेना. तिने स्वतःचा कमरेपर्यंतचा शेपटा कापला, पंधरा दिवस खपून जाळीवर एकेक बट बांधून टोप केला आणि त्यातले निम्मे केस पांढरे केले. लोक पांढऱ्याचं काळं करतात, तिने काळ्याचं पांढरं केलं. दर वर्षाच्या सुरुवातीला ती आणखी काही बटा पांढऱ्या करायची, म्हणजे वय बरोबर दिसावं.

टोप बसला, पण धाकटीचं कातरलेलं डोकं कुठे लपवणार? बाईचे केस म्हणजे तिचा गौरव, त्यांना कात्री लावणं मंडळीत पाप. थोरल्यांनी प्रकरण पंचांपुढे नेलं. भर उपासनेत धाकटीला उठून म्हणावं लागलं, "माझ्या गौरवाला मी कात्री लावली, मंडळीने मला क्षमा करावी." थोरल्यांनी ते वाक्य छापूनच आणलं होतं, चुकायला नको म्हणून. ती वाचत होती आणि समोर पुढच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या, तिचेच केस माळून. "बरी झाले की मी स्वतः सांगीन," असं त्यांनी आदल्या दिवशी तिचे हात धरून म्हटलं होतं. बऱ्या होऊनही आता दहा वर्षं उलटली होती.

आणि आता चिंगी. धाकटीची वीस वर्षांची मुलगी, दवाखान्यात रक्ताचे नमुने तपासायच्या कामाला होती. गेल्या सोमवारी ती कानाच्या पाळीपर्यंत केस कापून आली. बारा-बारा तास टोपीत कोंबून डोकं घामाने उकळतं म्हणाली. शिवाय आवडतात मला असे, म्हणाली. झालं! थोरल्यांनी गठ्ठ्यातून एक वेगळा कागद काढला. धाकटीने तो दुरूनच ओळखला. वाक्य तेच होतं, फक्त टाइप बदलला होता.

"तिला वाचायला द्या," थोरले म्हणाले. "दोन मिनिटांचं काम. एकीकडे आईचं चित्र वाटायचं आणि तिचीच नात अशी भुंडी फिरायची, हे बरं दिसतं का?"

"दिसण्याचंच चाललंय ना सगळं," धाकटी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे वेण्या, सोनं, भारी कपडे यांत बाईची किंमत नाही, शांत आणि सौम्य मनात आहे, असंच शिकवलंत ना आम्हाला? मला पटलंय ते. अजून पटतं. मग तुम्ही पंच मंडळी सारखी आमच्या डोक्याकडेच का बघत असता?"

थोरल्यांनी चष्मा काढून पुसला. थोरली जाऊ त्यांच्या शेजारी बसून नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याला मान हलवायची, ती या वेळी मात्र चादरीवरच्या शाईच्या डागाकडे बघत बसली. धाकटीचा नवरा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून तो कोपऱ्यात कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसला होता. घरात भांडण पेटलं की त्याचं एखादं घड्याळ हमखास बंद पडायचं.

"तुम्ही काही बोलणार आहात का?" धाकटीने त्याला विचारलं.

"स्प्रिंग उडेल," तो म्हणाला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून चिंगी बाहेर आली. तिच्या खांद्याला प्रवासाची बॅग होती.

"मोठे काका, कागद परत न्या. मी उभी राहणार नाही. नऊ वर्षांची होते मी. आईला उभं राहिलेलं बघितलंय. तिचा हात थरथरत होता आणि कागद वाजत होता, अजून ऐकू येतो मला. दवाखान्याच्या वसतिगृहात मला खाट मिळालीय. उद्या उपासनेत माझं नाव घेतलंत, तर मी तिथून परत या घरात येणार नाही."

"बघा! हेच ते," थोरले म्हणाले. "केस गेले की नम्रता जाते."

"तुमचे तर कधीच गेलेत, काका."

थोरलीला ठसका लागला. थोरल्यांनी टकलावरून हात फिरवला आणि ते आईकडे वळले. "आई, तू सांग. तुझा शब्द शेवटचा."

सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. म्हातारी खुर्चीत ताठ बसली होती, कपाळावर पांढरी पट्टी, मानेवर रुपेरी अंबाडा. आता बोलतील, धाकटीला वाटलं. नातीसाठी तरी बोलतील.

सासूबाई खाली बघून म्हणाल्या, "थोरला म्हणतो तसं करा. एका उभं राहण्याने कुणी मरत नाही."

चिंगी वळून आत गेली. धाकटीने चादरी उचलल्या आणि मोरीत नेऊन आपटल्या. डाग काही निघत नव्हता, पण घासायला कारण मिळालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो तिने अकरा वर्षं खाल्ला होता. तो आता लेकीने खायचा, हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

रविवारी सकाळी साडेसातला ती नेहमीप्रमाणे सासूबाईंच्या खोलीत गेली. सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या, डोकं उघडं. खांदे आखडल्यामुळे त्यांचे हात मानेपर्यंत पोचायचे नाहीत. टोप बसवायला दुसऱ्याचे दोन हात लागायचेच, आणि ते धाकटीचे. खोलीत आरसा नव्हता. आरसा म्हणजे गर्वाचं मूळ, म्हणून घरात एकच होता, घड्याळजींचा दाढीचा. त्यामुळे पिना खोचून झाल्या की सासूबाई विचारायच्या, "नीट बसलंय का?" आणि धाकटी म्हणायची, "नीट बसलंय." त्यावर त्यांचा दिवस निघायचा.

धाकटीने कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यातला टोप झटकला, विंचरला, पुन्हा डब्यात ठेवला आणि डबा सासूबाईंच्या मांडीवर दिला. मग ती समोरच्या खाटेवर बसली.

"काय गं?"

"आज मी बसवणार नाही."

"चेष्टा करू नकोस. आठला थोरला गाडी घेऊन येईल."

"मग त्यांनाच सांगा बसवायला. मुखपृष्ठ त्यांचंच आहे."

सासूबाईंनी एकदा दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तू शब्द दिला होतास."

"दिला होता. पाळलाही. तुम्हीही दिला होतात आई, बरी झाले की सांगीन म्हणून. मी वाट बघत राहिले. दर रविवारी वाटायचं, आज सांगतील. मग म्हटलं जाऊ दे, माझ्यापुरतं आहे. पण काल तुम्ही चिंगीला उभं करा म्हणालात. माझे केस डोक्यावर घालून म्हणालात!"

"ऐन वेळेला केसाने गळा कापतेस माझा."

"केस माझेच आहेत."

हसू येईल असं बोलणं होतं, पण दोघींपैकी कुणी हसलं नाही. सासूबाईंनी हात उचलायचा प्रयत्न केला. टोप कपाळापर्यंत नेला, तिथून पुढे हात जाईना. टोप एका कानावर लोंबायला लागला. धाकटीला उठून तो सरळ करावासा वाटला, इतकी सवय हाताला. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"तुला काय वाटतं," सासूबाई एकदम म्हणाल्या, "मला कळत नाही? चाळीस वर्षं मी बायकांना शिकवलं की बाहेरचं काही खरं नसतं. मला ते सोपं होतं गं. माझ्याकडे बाहेरचं भरपूर होतं. ते गेलं आणि मी आत बघायला गेले, तर आत काय आहे ते मलाच ठाऊक नव्हतं. भीती तेवढी होती."

धाकटीला कीव आली आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला. प्रत्येक वेळी हे असंच व्हायचं. कुणीतरी रडायचं आणि ती कात्री शोधायला जायची.

"त्या दिवशी तू उभी होतीस," सासूबाई म्हणाल्या, "तेव्हा मी उठणार होते. खरंच उठणार होते. पण मागे सगळी मंडळी बसलेली. वाटलं, उठले तर सगळ्यांचे डोळे माझ्या डोक्याकडे जातील."

"आणि माझ्याकडे गेले ते चालले?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. थोरले वेळेचे पक्के. दार उघडल्याचा आवाज आला, थोरलीचा आवाज आला, गठ्ठा टेबलावर आपटल्याचा आवाज आला. आतून चिंगीच्या बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. तो मात्र अगदी बारीक होता.

सासूबाई तो आवाज ऐकत राहिल्या. मग त्यांनी कानावरचा टोप ओढून डब्यात टाकला.

"आरसा आण," त्या म्हणाल्या.

धाकटीने नवऱ्याचा दाढीचा आरसा आणून त्यांच्यापुढे धरला. सासूबाईंनी अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"अगदी माझ्या बापासारखी दिसते," त्या म्हणाल्या आणि काठी टेकत उठल्या.

बाहेरच्या खोलीत थोरले पत्रकं मोजून दहा-दहाच्या चवडी लावत होते. आईची चाहूल लागली तसे वळले, आणि लगेच तोंड फिरवून उभे राहिले. आंघोळीच्या वेळी चुकून दार उघडल्यावर माणूस जसा वळतो, तसे.

"आई! डोकं झाक!"

"का? तू कुठे झाकतोस?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बिस्किटांचा डबा पत्रकांच्या चवडीवर ठेवला आणि झाकण काढलं. "हा घे तुझा खरा शृंगार. धाकटीच्या डोक्यावरचा आहे. त्याच्यासाठी तिने केस कापले आणि त्याच्यासाठी तू तिला उभं केलंस. मी समोर बसून बघत होते."

थोरले डब्यात बघत होते. पत्रकावरचा अंबाडा आणि डब्यातला अंबाडा यांची ते नजरेनेच पडताळणी करत होते, छापखान्यातली सवय.

"हे... हे कधीपासून?"

"अकरा वर्षं," थोरली म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"दोन वर्षांपूर्वी शिबिरात आई, धाकटी आणि मी एका खोलीत होतो. मला भूक लागली होती. बिस्किटं असतील म्हणून डबा उघडला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही छापलं असतंत," थोरली म्हणाली. लग्नाला तीस वर्षं झाल्यानंतर नवऱ्याला ती पहिल्यांदाच असं काही बोलली असावी, कारण बोलून झाल्यावर ती स्वतःच खुर्चीत बसली.

कोपऱ्यातून घड्याळजी म्हणाला, "मलाही कळलं होतं. मोरीत त्या औषधाचा वास यायचा, केस पांढरे करायच्या."

धाकटी गर्रकन वळली. "तुम्हाला? कधी?"

"सुरुवातीलाच."

"म्हणजे मी तिथे उभी होते तेव्हा?"

त्याने डोळ्याचं भिंग काढलं. आज हातात घड्याळ नव्हतं. तो काहीच बोलला नाही, आणि त्याचं ते न बोलणं धाकटीने मनात नीट घडी घालून ठेवून दिलं. ते पुढे कधीतरी उलगडायचं होतं. आज एवढ्यांना पुरे होईल इतका राग तिच्याकडे उरला नव्हता.

चिंगी दारात उभी होती, बॅग खांद्याला. ती आजीच्या डोक्याकडे बघत नव्हती, आईच्या केसांकडे बघत होती. ते पुन्हा कमरेपर्यंत आले होते. "आई," ती म्हणाली, "तू म्हणाली होतीस की उवा झाल्या म्हणून कापले."

"तुला आणखी काय सांगणार होते?"

"पाचशे प्रती," थोरले पुटपुटले. बिचाऱ्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं. "पाचशे प्रतींचं आता करू काय?"

"वाट," सासूबाई म्हणाल्या. "आतला मजकूर चांगला आहे, माझंच शिकवणं आहे ते. फक्त चित्राखाली लिही, केस धाकट्या सुनेचे. आणि तो कागद आण इकडे, कालचा."

थोरल्यांनी खिशातून कागद काढून दिला. सासूबाईंनी तो न वाचता चार तुकडे करून डब्यात टाकला.

"केसांपायी कुणाला उभं करायचं असेल, तर आधी मी. चिंगीचे वीतभर गेलेत, माझे सगळे गेलेत. आणि काय बोलायचं ते मला छापून देऊ नकोस. ते मला अकरा वर्षं पाठ आहे."

"आई, मंडळी काय म्हणेल?" थोरल्यांचा आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता.

"ते मलाही बघायचंय," चिंगी म्हणाली. तिने बॅग दाराशी टेकवली. उचलून आत नेली नाही, पण खाली ठेवली. "मी येते. आजीसाठी येते, तुमच्यासाठी नाही."

धाकटीने खुंटीवरचा साधा सुती रुमाल काढला आणि सासूबाईंच्या डोक्याला बांधला. ऊन होतं, बाकी काही कारण नव्हतं. गाठ मारताना तिची बोटं सवयीने पिना शोधत होती.

"नीट बसलाय का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. डावीकडे घसरलाय."

"असू दे."

त्यांनी धाकटीच्या दंडाला धरलं आणि दोघी पायऱ्या उतरायला लागल्या. पुढे थोरले गठ्ठा सावरत गाडीचं दार उघडून उभे होते.

"आज पुढच्या बाकावर नको," सासूबाई म्हणाल्या. "तू बसतेस तिथे बसते. कुठे बसतेस तू?"

"शेवटच्या बाकावर. दाराशी."

"कधीपासून?"

"त्या रविवारपासून."

सासूबाई पायरीवर थांबल्या. तोल सावरायला त्यांनी दंडावरची पकड घट्ट केली.

"मी कधी मागे वळून बघितलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "अंबाडा हलेल म्हणून."